न झालेल्या नुकसानीचा पंचनामा

जरीपटक्यातल्या त्या गल्लीत रस्त्यावरून घरात जायला दोन पायऱ्या उतराव्या लागतात. सिमेंटचा रस्ता वर, घराचा ओटा खाली. दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्टीची खाच बसवलेली आहे आणि त्या खाचेत वरून एक फळी सरकवता येते. फळी जुन्या दिवाणाची. तिच्या खालच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी बारीक खिळ्यांनी ठोकलेली, म्हणजे ती फरशीला घट्ट बसावी आणि फटीतून पाणी झिरपू नये. जूनच्या पहिल्या आठवड्यात फळी माळ्यावरून खाली येते आणि दसरा झाला की परत माळ्यावर जाते. रात्री ढग गडगडले की घरातलं कोणीतरी उठतं, फळी खाचेत सरकवतं आणि मगच पाठ टेकतं.

“तुमच्याकडं नाही लावत का अशी?” त्या घरातल्या मावशींनी विचारलं.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, असं मी सांगितलं.

“मग तुम्हाले काय समजन बापा,” त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

संपादकांनी या वर्षीच्या अंकाचा विषय एका शब्दात कळवला होता: ‘आधी’. पुरानंतर, भूकंपानंतर, दरड कोसळल्यानंतर काय होतं ते आपण वर्षानुवर्षं वाचतो. त्याच्या आधी काय होतं, आणि सरकारचा पैसा त्या ‘आधी’पर्यंत पोचतो का, ते बघून या, असं त्यांचं म्हणणं. मी २०२३ च्या पुरात बुडालेल्या अंबाझरीला जाईन असा त्यांचा अंदाज असावा. मी उत्तर नागपुरात, जरीपटक्यात गेले. २०२५ च्या मे महिन्यात एकदा, जुलैत एकदा आणि सप्टेंबरात एकदा. ज्या वस्तीच्या नावावर कुठलीही मोठी आपत्ती नोंदलेली नाही, तिथे ‘आधी’ कसा दिसतो ते मला पाहायचं होतं.

पैसा कधी हलतो

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. रात्री दोननंतर आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळला. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाणी पडलं, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी काठ सोडून अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, सीताबर्डीच्या सखल भागात घुसली. मोरभवनच्या बसस्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. चार जणांचा जीव गेला. सुमारे १० हजार घरांत पाणी शिरल्याचं त्या वेळी सांगण्यात आलं.

त्यानंतर जे झालं ते लवकर झालं, हे मान्यच करायला हवं. लष्कराच्या आणि आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या सकाळीच रस्त्यावर उतरल्या. पंचनाम्याची पथकं दारोदार फिरली. पूरग्रस्त कुटुंबाला १० हजार रुपये, दुकानाला ५० हजारांपर्यंत, टपरीला १० हजार, अशी मदत जाहीर झाली. चिखलात माखलेली गादी, बंद पडलेला फ्रिज, भिंतीवर उमटलेली पाण्याची रेघ, सगळ्याचे फोटो निघाले, आधार कार्डाच्या झेरॉक्स जोडल्या गेल्या.

पंचनामा हा आपल्या प्रशासनाचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात भरवशाचा कागद. पंच, त्यांच्या सह्या, नुकसानीचा तपशील आणि खाली तलाठ्याचा शिक्का. शेतकऱ्यापासून दुकानदारापर्यंत सगळ्यांना तो शब्द ठाऊक आहे. पण पंचनाम्याला नुकसान लागतं. मावशींच्या घरात त्या रात्री पाणी आलं नाही, कारण फळी लावलेली होती. वेल्डिंगवाल्याने खाच बसवायचे अठराशे रुपये घेतले होते. गादी वाचली, फ्रिज वाचला, नातवाची वह्या-पुस्तकं वाचली. या वाचण्याची नोंद सरकारच्या कुठल्याही वहीत नाही, आणि ती व्हावी तरी कशी? पथक येऊन काय लिहिणार?

सरकारी पैशाची सगळी गोम इथेच आहे असं मला वाटतं. झालेलं नुकसान मोजता येतं, म्हणून पैसा तिकडे धावतो. टळलेलं नुकसान दिसत नाही, म्हणून त्याच्यासाठी मागणारा कोणी उभा राहत नाही आणि देणाऱ्यालाही घाई नसते.

शंभरातले वीस

खरं तर कायद्याने हे फार आधी ओळखलं होतं. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्याच्या ४६ व्या कलमात प्रतिसाद निधी आहे, म्हणजे आपत्ती आल्यावर वापरायचा पैसा, आणि लगेच पुढच्या ४७ व्या कलमात सौम्यीकरण निधी आहे, म्हणजे आपत्ती येण्याआधी तिची धार बोथट करायचा पैसा. राज्यांनी असेच दोन्ही निधी उभारावेत असं ४८ वं कलम सांगतं. दोन्ही कलमं शेजारी-शेजारी, पण त्यांची नशिबं वेगळी. प्रतिसादाचा निधी वर्षानुवर्षं चालू राहिला. राष्ट्रीय सौम्यीकरण निधीची अधिसूचना निघाली ती फेब्रुवारी २०२१ मध्ये. कायदा झाल्यानंतर पंधरा वर्षांनी.

तीही निघाली ती पंधराव्या वित्त आयोगामुळे. एन. के. सिंह यांच्या अध्यक्षतेखालच्या या आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी सगळ्या राज्यांच्या आपत्ती निधीचा आकडा मांडला: १ लाख ६० हजार १५३ कोटी रुपये. आणि त्याची वाटणीही करून दिली. शंभर रुपये धरले तर ४० तातडीच्या मदतीला, ३० पुन्हा उभारणीला, १० सज्जतेला आणि २० सौम्यीकरणाला. म्हणजे पाच वर्षांत सर्व राज्यांना मिळून सुमारे ३२ हजार कोटी रुपये ‘आधी’साठी. महाराष्ट्रासारख्या राज्यात यातले ७५ टक्के केंद्र देतं, २५ टक्के राज्याने घालायचे. महाराष्ट्राचा वाटा देशात सगळ्यात मोठा होता. २०२०-२१ या एका वर्षासाठीच आयोगाने राज्याच्या नावावर ४,२९६ कोटी धरले होते. त्याचा पाचवा हिस्सा काढला तरी साडेआठशे कोटींच्या पुढे जातो.

हा पैसा नेमका कशासाठी, याबद्दल आयोगाने जे म्हटलं आहे ते मला फार महत्त्वाचं वाटलं. समुद्राला बांध घालणं, नदीला मोठे तटबंध बांधणं अशी अवाढव्य कामं नेहमीच्या विकास योजनांतून करा. सौम्यीकरणाचा पैसा स्थानिक पातळीवरच्या, लोकांनी मिळून करायच्या, वस्तीचा धोका कमी करणाऱ्या कामांना ठेवा, असा त्याचा आशय आहे. गल्लीतला चेंबर, नाल्यावरची जाळी, शाळेच्या छपरावरचा चुना, उतारावरची झाडं. वाचताना मला मावशींची फळीच आठवत राहिली. दिल्लीतल्या एका जाडजूड अहवालाला जरीपटक्यातल्या दिवाणाच्या फळीसारखंच काहीतरी अभिप्रेत होतं.

अडचण अशी की छोट्या कामांसाठी ठेवलेला पैसा मागायला मोठी यंत्रणा लागते. शिवाय राष्ट्रीय निधीतून शहरी पुरासाठी जे २,५०० कोटी वेगळे ठेवले, ते सात शहरांना: मुंबई, चेन्नई, कोलकाता यांना ५०० कोटी प्रत्येकी, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद आणि पुणे यांना अडीचशे. नागपूर त्या यादीत नव्हतं. हा लेख पूर्ण करत असतानाच, १ ऑक्टोबर २०२५ ला, दुसऱ्या टप्प्याची बातमी आली. आणखी अकरा शहरांसाठी २,४४४ कोटी: भोपाळ, भुवनेश्वर, गुवाहाटी, जयपूर, कानपूर, पाटणा, रायपूर, तिरुवनंतपुरम, विशाखापट्टणम, इंदूर आणि लखनौ. मी नावं दोनदा वाचली. भोपाळ आहे, रायपूर आहे, इंदूर आहे; आपल्या आजूबाजूची शहरं आहेत. अंबाझरीच्या रात्रीनंतर दोन वर्षांनी निघालेल्या यादीतही नागपूर नाही.

रस्त्याची लेव्हल

जरीपटका म्हणजे मराठ्यांचं जरीचं निशाण. पण आजच्या वस्तीची गोष्ट फाळणीपासून सुरू होते. सिंधमधून सगळं सोडून आलेली कुटुंबं इथे वसवली गेली. एका म्हाताऱ्या सिंधी काकांकडून ऐकलं की सुरुवातीला इथे मोकळं रान होतं, पावसाचं पाणी आपसूक उतारावरून वाहून जायचं. आता बाजाराच्या रस्त्यावर एका बाजूला कापडाची दुकानं, दुसऱ्या बाजूला मिठाई आणि पापडांची, मधल्या गल्ल्यांत दोन-दोन, तीन-तीन मजले चढलेली घरं. पलीकडे इंदोरा, नारा, मानकापूर. उत्तरेकडचं पाणी शेवटी पिवळी नदीकडे जातं. गोरेवाडा तलावाकडून निघून उत्तर नागपुरातून वाहणारी ही नदी पुढे नाग नदीला मिळते आणि ते सगळं पाणी कन्हानला जातं. नाग नदीबद्दल सगळं शहर बोलतं. पिवळीबद्दल तिच्या काठावरचेच लोक बोलतात.

जुलैत मी गेले ते मुसळधार पावसानंतर. ९ जुलै २०२५ ला पावसामुळे जिल्ह्यातल्या शाळांना सुटी द्यावी लागली होती. गल्लीत पाणी ओसरलं होतं, चिखल राहिला होता. मला वाटलं होतं नाला तुंबला असेल. मावशींनी बोट रस्त्याकडे दाखवलं.

“हा सिमेंट रोड झाला तवापासून पाणी घराकडं येऊन राहिलं. आधी रोड खाली होता, घर वर होतं.”

नागपुरात हे कोणत्याही भागात ऐकायला मिळतं. डांबरी रस्त्यावर सिमेंटचा जाड थर चढवला जातो. रस्ता वर्षानुवर्षं टिकतो, खड्डे पडत नाहीत, त्याबद्दल लोक समाधानीही असतात. पण जुनं डांबर पूर्ण खरवडून न काढता वरच थर टाकला की रस्ता वीतभर वर येतो, आणि पाच-पन्नास वर्षांपूर्वी बांधलेली घरं जागच्या जागी खाली जातात. पावसाळी नालीचं झाकण रस्त्याच्या कडेला, पण नव्या पातळीपेक्षा खाली, कधी पेव्हर ब्लॉकखाली गाडलेलं. पाण्याला उतार हवा असतो, आणि तो आता दाराकडे आहे.

धोका कमी करायचा म्हणजे काहीतरी नवीन बांधायचं, असं आपण धरून चालतो. पण इथला धोका तयार झालाय तोच एका बांधकामातून, आणि तेही सरकारच्याच पैशातून. एका खात्याने कोटी रुपये खर्चून पाणी घरात पाठवायचं, दुसऱ्या खात्याने घरात आलेल्या पाण्याची दहा हजार भरपाई द्यायची, आणि तिसऱ्या खात्याने सौम्यीकरणाचा प्रस्ताव लिहायचा. रस्ता ओतण्याआधी दोरी लावून ओट्यांची पातळी बघितली असती तर या तिन्हींतला एक खर्च झाला असता, दोन वाचले असते. हे ‘आधी’चं सगळ्यात स्वस्त काम आहे. त्याला निधी लागत नाही. लागतो तो एक ओव्हरसियर, एक दोरी आणि एक तास.

नाल्याचंही थोडं असंच. मे महिन्यात पोकलेन येतात. २०१३ पासून महापालिका दर उन्हाळ्यात नाग, पिवळी आणि पोहरा या तीन नद्यांची सफाई मोहीम घेते, आणि ते काम खरोखर उपयोगी पडतं. मी गेले तेव्हा एका काठावर यंत्र गाळ उपसत होतं. काळाकुट्ट, जडशीळ गाळ, त्यात प्लास्टिक, नारळाच्या शेंड्या, चिंध्या, एक अख्खी गादी. गाळ काठावरच ढीग करून ठेवला होता. तो उचलायला ट्रक कधी येणार, असं मी विचारलं तर काम करणाऱ्या माणसाने खांदे उडवले. पहिला जोराचा पाऊस त्या ट्रकच्या आधी आला तर ढिगातला बराचसा गाळ पुन्हा पात्रात जातो. उपसणं एका निविदेत आणि वाहून नेणं दुसऱ्या निविदेत असलं की असं होतं.

उन्हाला यादीत जागा नाही

मे महिन्याची ती भेट खरं तर उन्हासाठी होती. दुपारी दोनला गच्चीवर पापड वाळत घातले होते. सिंधी घरांतला हा जुना घरगुती उद्योग. मसाल्याचा, मिरीचा, जिऱ्याचा पापड लाटायचा आणि गच्चीवर कापडावर अंथरायचा. पापडाला ऊन लागतंच. पण लाटणाऱ्या बायका ज्या खोलीत बसतात तिचं छप्पर टिनाचं आहे. मी टिनाच्या खालच्या बाजूला हात नेला आणि झटक्यात मागे घेतला. आत कूलर होता, पण दमट हवेत तो नुसताच आवाज करत होता. एका बाईने डोक्यावर ओला शेला घेतला होता, तो दर अर्ध्या तासाने ओला करायला उठत होती. पलीकडच्या घराने स्लॅबवर पांढरा चुना मारला होता. तिथे खाली बसून पाहिलं, फरक कळत होता.

नागपूरला ऊन नवं नाही. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश सेल्सियसची नोंद झाली. वाळ्याच्या ताट्या, कूलर, कांदा खिशात ठेवणं, दुपारी बाहेर न पडणं, हे नागपूरच्या हाडीमाशी खिळलेलं आहे. अहमदाबादने २०१३ मध्ये देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला आणि त्यानंतर ती वाट धरणाऱ्या सुरुवातीच्या शहरांत नागपूर होतं. बागा दुपारी उघड्या ठेवणं, रुग्णालयांत शीतकक्ष, पाणपोया, सिग्नलवर दुचाकीवाल्यांच्या डोक्यावर हिरव्या जाळ्या, हे सगळं त्यातून आलं. जरीपटक्याच्या दयानंद पार्कात त्या दुपारी बाकावर दोन म्हातारे आणि झाडाखाली एक आइसक्रीमची गाडी होती. बाग उघडी आहे हे किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.

उन्हाची मोजदाद सुद्धा सोपी नाही. मे २०२४ च्या शेवटी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. हवामान खात्याने तपासलं तर सेन्सर बिघडलेला होता. ती बातमी खोटी ठरली याचं मला समाधान वाटलं. पण टिनाच्या छपराखाली किती अंश असतात हे मोजणारं केंद्र मात्र कुठेच नाही.

पैशाच्या बाबतीत ऊन आणखी मागे आहे. केंद्र सरकारच्या अधिसूचित आपत्तींची यादी २०२५ मध्ये बारा प्रकारांची होती: चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड, हिमकडा, ढगफुटी, कीड आणि थंडीची लाट. थंडीची लाट होती, उन्हाची नव्हती. यादीतल्या आपत्तीला मदतीचे दर ठरलेले असतात, खातं ठरलेलं असतं. यादीबाहेरच्या आपत्तीसाठी राज्याला आपल्या निधीतला जास्तीत जास्त दहा टक्के भाग वापरता येतो, तोही स्वतः ती आपत्ती जाहीर करून. विदर्भात उन्हाने माणूस गेला तर त्याच्या मरणाला आधी सिद्ध व्हावं लागतं. उष्माघात होता की हृदयविकार, याची शहानिशा होते, समिती बसते. पुरात बुडालेल्या माणसाच्या घरच्यांना निदान हे तरी सोसावं लागत नाही.

छपरावर पांढरा रंग हा उपाय अगदी साधा. तेलंगणाने २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरणच केलं. नागपुरातल्या टिनाच्या छपरांवर असं काही मोठ्या प्रमाणावर करायचं झालं तर ते कोणत्या खात्याचं काम? घरकुलाचं? आरोग्याचं? आपत्तीचं? मी तीन ठिकाणी विचारलं, तिन्ही ठिकाणी दुसऱ्या खात्याचं नाव मिळालं. कोणी उद्धट नव्हतं. प्रत्येकाला मनापासून तसंच वाटत होतं.

फाईल कुठून कुठे जाते

समजा मावशींच्या गल्लीने ठरवलं की आपल्याला पावसाळी नाली हवी आणि ती सौम्यीकरणाच्या पैशातून व्हावी. तर काय करावं लागेल? जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष. महापालिकेच्या अभियंत्याने प्रस्ताव करायचा, तो जिल्ह्याकडे, तिथून मंत्रालयात मदत व पुनर्वसन विभागाकडे, मग मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य कार्यकारी समितीपुढे. मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, निविदा, कार्यारंभ आदेश. प्रत्येक टप्पा आपापल्या जागी गरजेचा आहे. पैसा जनतेचा आहे, तो तपासूनच द्यायला हवा. पण प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर विचारतात: धोक्याचा तपशील द्या. पाणी किती वेळा आलं? किती उंच? किती घरं? आणि तिथेच गल्ली अडते, कारण पाणी आलं हे सगळ्यांना माहीत आहे, लिहिलेलं कोणाकडेच नाही.

पूर्वी नगरसेवक हा या साखळीतला पहिला दुवा होता. रात्री अकरा वाजता त्याच्या दारावर थाप मारता यायची. नागपूर महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तेव्हापासून २०२६ च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाकडे होता. अंबाझरीचा पूर याच काळात आला. पूरग्रस्त रहिवासी शेवटी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले, आणि तलावाच्या सांडव्यापासून नदीपात्रातल्या अडथळ्यांपर्यंत अनेक गोष्टी तिथे बोलल्या गेल्या. न्यायालयात जायला वकील लागतो, कागद लागतात, वेळ लागतो. सगळ्या वस्त्यांना ते जमत नाही.

जरीपटक्याला आणखी एक अडचण आहे आणि ती मला तिथे गेल्यावरच कळली. निर्वासित म्हणून मिळालेल्या जागांच्या पट्ट्यांचा प्रश्न इथे पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळला. राज्य सरकारने २०२५ मध्ये सिंधी विस्थापितांच्या जमिनींसाठी अभय योजना जाहीर केली, त्यातून बऱ्याच जणांना मोकळा श्वास घेता येईल. पण सत्तर-पंचाहत्तर वर्षं कागद पक्का नसलेल्या घरावर माणूस खर्च करताना हात आखडता घेतो. गच्ची गळते, तरी वॉटरप्रूफिंग पुढच्या वर्षी. ओटा उंच करायचा असतो, पण परवानगी मागायला गेलो आणि उलट काही निघालं तर? घर मजबूत करणं हाही धोका कमी करण्याचाच भाग आहे, आणि त्याची सुरुवात सातबाऱ्यापासून किंवा पट्ट्यापासून होते, हे आपत्तीच्या कुठल्याच आराखड्यात मला ठळकपणे दिसलं नाही.

एक चांगली गोष्ट मात्र झाली आहे. आपत्ती व्यवस्थापन कायद्यातली दुरुस्ती एप्रिल २०२५ पासून लागू झाली. तिच्यामुळे महापालिका असलेल्या शहरांसाठी राज्य सरकारला स्वतंत्र शहरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण उभारता येतं, आणि त्याचे अध्यक्ष आयुक्त असतात. म्हणजे ज्याच्या हातात रस्ता आहे, नाली आहे, बाग आहे, दवाखाना आहे, त्याच्याच हातात धोक्याचा आराखडाही येतो. नागपूरने हे नीट वापरलं तर रस्त्याची लेव्हल आणि दारातली फळी पहिल्यांदाच एका टेबलावर येतील.

ज्यांनी आधी केलं

ओडिशाचं उदाहरण मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण ते आपल्या देशातलं आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. मग वीस वर्षं त्या राज्याने किनाऱ्यावर निवारे बांधले, गावागावात तरुणांच्या तुकड्या शिकवल्या, भोंगे लावले. २०१९ मध्ये ‘फनी’ वादळ आलं, दहा लाखांहून जास्त लोक आधीच हलवले गेले, आणि मृतांचा आकडा ६४ वर थांबला. चौसष्टही जास्तच. पण त्यामागे जे हजारो जीव वाचले त्यांची नावं कुठल्या यादीत नाहीत. ती माणसं आज भाजी आणायला गेली असतील.

आपल्याकडेही मोवाड आहे. नागपूर जिल्ह्यातल्याच नरखेड तालुक्यातलं हे गाव ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरात वाहून गेलं, दोनशेच्या वर माणसं गेली. नंतर गाव उंचावर नव्याने वसवलं. म्हणजे उंचावर घरं बांधता येतात हे आपल्याला माहीत होतं. फक्त ते नंतर करायची सवय आहे.

आणि ही सवय श्रीमंत देशांतही सुटत नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये एका राष्ट्रीय संस्थेने हिशेब मांडला की आपत्तीपूर्व कामांना दिलेल्या सरकारी अनुदानातल्या एका डॉलरमागे पुढे सहा डॉलर वाचतात. त्याच देशाने आपत्तीपूर्व कामांसाठी ‘ब्रिक’ नावाची मोठी योजना २०२० मध्ये सुरू केली आणि एप्रिल २०२५ मध्ये बंद करत असल्याचं जाहीर केलं. वीस राज्यं न्यायालयात गेली. तो पैसा दुसरीकडे वळवायला ऑगस्टमध्ये न्यायालयाने तात्पुरती मनाई केली. सहापट फायद्याचा हिशेब समोर असूनही हात आखडतो. न दिसणाऱ्या बचतीचा कळवळा कोणालाच सहजी येत नाही, हे बघून मला मावशींच्या गल्लीबद्दल जास्तच काळजी वाटली.

चौकटीवरच्या रेघा

सप्टेंबरात मी शेवटची गेले तेव्हा आभाळ भरून आलं होतं. फळी भिंतीला टेकवून ठेवली होती. मावशींचा नातू, सातवीतला, दाराच्या चौकटीपाशी बसला होता. चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, दर वाढदिवसाला त्याची उंची मोजलेल्या. खालच्या बाजूला निळ्या पेनाच्याही चार रेघा दिसल्या.

“या कशाच्या?”

“पाण्याच्या. बाहेरून किती आलं ते.”

प्रत्येक रेघेपुढे तारीख होती. मोबाइलमध्ये त्याच्याकडे फोटोही होते, वेळेसकट. मी पर्समधला टेप काढला. त्याने शाळेच्या वहीचं मधलं पान फाडलं, पट्टीने रकाने आखले आणि मी सांगत गेले तसं तो लिहीत गेला. उंबरठ्यापासून पहिली रेघ साडेसहा इंच. दुसरी नऊ. तिसरी चौदा. चौथी, या जुलैची, अकरा. पावसाळी नालीच्या झाकणाची जागा दाखवायला त्याने रस्त्याचा नकाशा काढला, त्यात कोपऱ्यावरचं किराणा दुकान आणि आपली सायकलही काढली.

समोरच्या घरातल्या सिंधी काकू इतका वेळ दारातून बघत होत्या. त्या रस्ता ओलांडून आल्या, कागदावर नजर टाकली, आणि आमच्या भिंतीवर अजून वर खूण आहे, तीही घ्या म्हणाल्या. नातवाने टेप गुंडाळला आणि त्यांच्यामागून दोन पायऱ्या वर चढला.